राणीचा खडा

आमच्या बोरी अरबात कुपाटी ढोरांना अडवते, बातमीला नाही. परवा शेजारच्या वैनी यवतमाळहून पामेरियन कुत्री घेऊन उतरल्या, तर काकू आधीच कुपाटीशी उभ्या.

"काय झालं वं राणीले?"

"अवो काकू, घडीघडी बसे, अन् निघे काय तं दोन-चार थेंब. तेबी लाल. डॉक्टरनं फोटो काढला तं मूत्राशयात खडा! बोरायेवढा."

"मंग मले सांगतलं असतं! कुळथीचा काढा दिला असता. आमच्या यायचा मुतखडा त्यानंच पडला."

(काका त्या महिन्यात बादलीभर पाणीही पीत होते, हे काकू कधी सांगत नाहीत.)

"कुत्र्यायच्या खड्यायच्या जाती रायते, काकू. राणीचा स्ट्रुव्हाइटचा. जंतू लघवीतला युरिया फोडते, लघवीचा आंबटपणा जाते, अन् मॅग्नेशियम-फॉस्फेट साचून खडा होते. हा खान्यानं विरघळते. ऑक्झलेटचा असता तं कापूनच काढा लागला असता. अन् तो ठिपक्यायचा डालमेशियन नाई का? त्याले युरेटचा होते. त्याची कलेजी बंद. साध्या एक्स-रेत बराबर दिसतबी नाई तो, सोनोग्राफी करा लागते."

"मंग ताकतीच्या गोळ्या?"

"देरानं व्हिटॅमिन सी आनलं होतं. डॉक्टर म्हने ठेवा बाजूले, जास्तीच्या सीचं अंगात ऑक्झलेट होते. सायट्रेटची पावडर ऑक्झलेटवाल्याले चालते, पन राणीले दिली तं उलटंच. तिची लघवी आंबट पायजे, ती पावडर आंबटपना मारते."

"मंग खाते काय बिचारी?"

"नागपूरवरून खास पाकीट मागोलं. प्रोटीन, फॉस्फरस, मॅग्नेशियम कमी. तेबी पान्यात भिजवून, लघवी पातळ रायली पायजे म्हनून. अन् जंतूची गोळी खडा जायलोक चालूच. खडा विरघळते तसतसे आतले दडलेले जंतू बाहेर निघते ना! महिन्यानं पुन्हा फोटो. पाकिटाचा भाव आयकून सासूबाई तं दिवसभर बोलल्या नाई."

मग वैनींनी आवाज बारीक केला. "काकू, रागावू नका, पन कुपाटीखालून तिले शेव कोन घालते?"

काकूंनी पदर सारखा केला. "एखांदं बिस्कूट दिलं असंल. अशी पाहाते वं ती!"

"तुमच्या एका बिस्कुटानं माह्यं पाकीट बुडते!"

"बरं, बंद. पन मास्तरचा काल्या पाह्यला का? सकायपासून पाय वर करते, थेंब नाई. मास्तर म्हने, उद्या नेतो दारव्ह्याले."

"नर हाये तो! त्यायची वाट अरुंद रायते. खडा अडकला का लघवी तुंबते, दोन दिवसात जीव जाते. उद्या कायले, आत्ताच न्या लागते! सरका, काकू. ओ मास्तर! घरी हा का?"