दगड आणावा कसा, ठेवावा कुठे

स्फटिक गोळा करण्याचा नाद लागलेल्या माणसाला घरचे लोक आधी हसतात, मग त्याची काळजी करतात आणि शेवटी हात टेकून माळा रिकामा करून देतात. या तीन टप्प्यांत फार वर्षं वाया जाऊ नयेत, एवढ्याच उदात्त हेतूनं हे मार्गदर्शन लिहिलं आहे. होतकरूंनी ते घराबाहेर पडण्यापूर्वी वाचावं. मुरलेल्या मंडळींनी वाचलं नाही तरी चालेल. ती तशीही कुणाचं ऐकत नाहीत.

पहिली आनंदाची बातमी म्हणजे महाराष्ट्रात राहणाऱ्याला या छंदासाठी पासपोर्ट लागत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरी दर फेब्रुवारीत खनिजांचं भलंमोठं प्रदर्शन भरतं. तिथं लोक डोळ्याला भिंग लावून ज्या पोपटी, मोतिया, गुलाबी स्फटिकांपुढे थबकतात, त्यांतले कितीतरी जळगाव, नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून गेलेले असतात. इकडे त्यांची भावंडं खडीच्या डंपरमधून थेट रस्त्याखाली जातात. तेव्हा यापुढे गाडी खड्ड्यात आदळली, की आधी खाली उतरून उखडलेली खडी निरखावी. शिव्या नंतर द्याव्यात.

थोडं शास्त्रही माहीत असावं, कारण ‘हे काय आणलंयस?’ या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर दिलं की समोरचा निदान गप्प बसतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर चढले आणि दख्खनचा काळा बसाल्ट तयार झाला. झीज होऊनही तो आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हा निवताना त्यातले वायूचे बुडबुडे जागच्या जागी अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. काही वाटाण्याएवढ्या, काही माणूस आत बसेल एवढ्या. पुढं पाणी खडकातून झिरपत राहिलं आणि सिलिका, कॅल्शियम, सोडियम असा ऐवज विरघळवून या पोकळ्यांत आणून ठेवत गेलं. बहुतेक ठिकाणी आधी हिरवट अस्तर, मग ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट, त्यावर अ‍ॅपोफिलाइट आणि कॅल्साइट असा थाट झाला. या कामाला कंत्राटदार नव्हता, मुदतही नव्हती. म्हणून ते नीट झालं.

यातल्या झिओलाइट कुळातल्या खनिजांच्या पोटात पाणी असतं. तापवल्यावर ते उकळून बाहेर येतं, असं स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये नोंदवलं. हा प्रयोग घरच्या गॅसवर करू नये. केल्यास दगड हातचा जातो आणि घरचे पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतात.

आता साहित्य. परदेशी पुस्तकांत भूशास्त्रज्ञाचा खास हातोडा सांगितलेला असतो. तो मागायला पुण्याच्या बोहरी आळीत जावं. दुकानदार शांतपणे विचारतो, “गवंड्याचा देऊ का पाथरवटाचा?” आपण म्हणायचं, भूशास्त्रज्ञाचा. तो आपल्याकडे आणि आपल्या पांढऱ्या बुटांकडे एकदा बघतो आणि गवंड्याचा देतो. तो घ्यावा, चालतो. सोबत दोन छन्न्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याबाबत विनोद नाही: बसाल्टची कपची सुरीइतकी धारदार उडते आणि डोळे दोनच असतात. रद्दी भरपूर न्यावी. रद्दीच्या भावाबद्दल घरात जे काही ऐकून घ्यावं लागेल, ते छंदाचं प्रवेशशुल्क समजावं.

जावं कुठे, हा खरा प्रश्न. नवशिक्या डोंगरावर जातो. डोंगरावर वारा छान असतो, फोटो छान येतात, स्फटिक मात्र ऊनपावसानं केव्हाच विटलेले असतात. ताजा माल मिळतो तो ताज्या फोडलेल्या खडकात, म्हणजे खडीच्या खाणीत, विहिरीत, रस्त्याच्या कापणीत आणि बोगद्यात. १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटाचा रेल्वेमार्ग खोदताना पोकळ्या उघड्या पडल्या आणि तिथले स्फटिक साहेबाच्या देशातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला एका विहिरीच्या खोदकामात गर्द हिरवे अ‍ॅपोफिलाइट निघाले आणि जगभरच्या संग्राहकांना राहुरीचं नाव पाठ झालं; एरवी ते कृषी विद्यापीठामुळे आपल्यालाच ठाऊक होतं. आणि वाघोली! तिथल्या खाणींत निळंजर्द कॅव्हनसाइट निघतं. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, त्याची शास्त्रीय नोंद १९७३ मध्ये झाली, पण बघत राहावं असे नमुने दिले ते वाघोलीनं. आज तिकडं ‘पुण्यापासून अवघ्या काही मिनिटांवर’ सदनिका विकल्या जातात. माहितीपत्रकात जलतरण तलाव असतो, कॅव्हनसाइटचा उल्लेख मला कुठं दिसला नाही.

कुठं जाऊ नये, हेही सांगून टाकतो. लेण्यांत छन्नी चालवायची नाही. अजिंठ्याच्या कारागिरांनी ते काम पूर्ण केलेलं आहे, तुमच्या हातभाराची गरज नाही. शिवाय १९५८ चा पुरातत्त्व कायदा आहे. अभयारण्यातून आणि राखीव जंगलातून दगड उचलायचा नाही. लोणारचं विवर उल्कापातानं झालं म्हणून तिथला खडा खिशात टाकण्याचा मोह अनेकांना होतो; जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर सगळ्यांसाठी आहे, ते खिशाखिशांतून वाहून नेण्याची योजना अद्याप मंजूर झालेली नाही. गडकिल्ल्यांबद्दल बोलायलाच नको. उरलेल्या जमिनीबद्दल महसूल संहितेचं कलम ४८ वाचावं: खनिजांवर हक्क सरकारचा आणि विनापरवाना काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. तुमच्या पिशवीतल्या मूठभर स्टिल्बाइटचा बाजारभाव ठरवताना तलाठ्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते बघायची इच्छा असली, तरी मालकाची आणि खाणवाल्याची परवानगी आधी घ्यावी.

खाणीवर पोचल्यावर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे काहीही करायचं नाही. हातोडा पिशवीत, पिशवी खांद्यावर. मुकादम दिसला की त्याच्याकडे चालत जायचं.

“कुठून आले?”

“पुण्याहून.”

“काय काम काढलं?”

“दगड बघायचेत, दादा.”

इथं एक लांब शांतता येते. मुकादम तुमच्याकडे बघतो, मग सावकाश मान वळवून पाठीमागच्या अख्ख्या फोडलेल्या डोंगराकडे बघतो. “बघा की,” तो म्हणतो.

या ठिकाणी खजील व्हायचं नाही. चहा मागवायचा, सगळ्यांना. सुरुंग कधी उडणार ते विचारायचं आणि तो सांगेल ते प्रमाण मानायचं. शिटी वाजली की त्याचे लोक जिथं थांबतील तिथंच थांबायचं. आपल्याला आणखी चांगली जागा दिसली आहे असं वाटलं तरीही, किंबहुना तसं वाटलं म्हणूनच. खाणीच्या उभ्या कड्याखाली बसून डबा खायचा नाही. पावसाळ्यात जुन्या खाणींत साठलेल्या पाण्याच्या आसपास फिरकायचं नाही, त्याचा तळ कुणालाच माहीत नसतो. पालथा दगड उलटताना तो आपल्यापासून लांबच्या बाजूनं उचलायचा, म्हणजे खालचा विंचू निघेल तो समोर, आपल्या बोटांवर नाही.

एवढं झाल्यावर बघायची गोष्ट एकच. सुरुंगानंतर पडलेल्या ढिगात एखादा कामगार मोठ्या धोंड्यावर हातोडीनं हलकेच ठोकत जातो. खणखणीत आवाज आला की पुढं. बद्द आवाज आला की थांबतो. मग त्या जागी घाव घालत नाही. वीतभर बाजूला छन्नी धरतो, तिसरीकडून एक ठोका, पुन्हा पहिल्या जागी एक. घाई नाही. धोंडा उकलतो तेव्हा पोकळीचं तोंड आपल्या हिशेबानं चुकीच्या बाजूला आणि त्याच्या हिशेबानं बरोबर बाजूला उघडतं. आत हिरवट अस्तरावर स्टिल्बाइटच्या गुलाबी पट्ट्या, मध्ये आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फुललेल्या. त्यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा, पाण्यासारखा स्वच्छ अ‍ॅपोफिलाइट. तो फुंकर मारून धूळ उडवतो. बोट लावत नाही. उंच पदव्या घेतलेली माणसं इथं पहिली चूक करतात ती बोट लावण्याची.

या दृश्यानंतर तुमच्या लक्षात येईल की तुमच्या हातोड्याची इथं गरज नाही. बोहरी आळीतल्या दुकानदाराला ते आधीच लक्षात आलं होतं. जगातल्या संग्रहालयांतले दख्खनचे सुंदर नमुने काढले ते खाणकामगारांनी आणि विहीर खोदणाऱ्यांनी. नमुन्याखालच्या पाटीवर देणगीदाराचं नाव असतं, कधी विक्रेत्याचंही असतं. ज्यानं बद्द आवाज ओळखला त्याचं नसतं. म्हणून दगड आवडला तर त्याच्याकडून रोख पैसे देऊन घ्यावा, आणि घासाघीस करताना आठवावं की या दिवसभरात उन्हात कोण होतं.

घासाघिशीची हौस असेल तर ती अजिंठ्याला किंवा वेरूळला भागवावी. तिथं बसमधून उतरायच्या आत एक हात खिडकीतून आत येतो आणि हातात चमकणारा गोटा असतो. हा भडक निळा किंवा राणी रंगाचा असेल, तर तो रंग खडकाचा नसून बादलीतला आहे असं खुशाल समजावं. ओल्या कापसानं कडेला घासून बघावं. विक्रेता “नॅचरल आहे साहेब” म्हणेल. दगड नॅचरल असतोच.

ओळख पटवण्याच्या कसोट्या सोप्या आहेत. मोस यांनी १८१२ मध्ये लावलेल्या काठिण्याच्या क्रमात कॅल्साइट ३, अ‍ॅपोफिलाइट साडेचार ते पाच आणि गार म्हणजे क्वार्ट्झ ७. चाकूनं ओरखडा उठला तर ती गार नाही. सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर कॅल्साइट. अ‍ॅपोफिलाइटचं टोक तुटलं असेल तर त्या सपाट जागी मोत्याची झाक दिसते. ओकेनाइटला कसोटीच नको: पोकळीत देवाच्या वातीचा कापूस ठेवल्यासारखे पांढरेशुभ्र गोळे दिसतात. त्यांवरून हात फिरवावासा वाटतो. फिरवू नये. ते तंतू खनिजाचे आहेत, मोडले की कायमचे चपटे होतात. घरी ओकेनाइट आणल्यास शेजाऱ्यांची लहान मुलं, मोलकरणीचं फडकं आणि “खरंच मऊ आहे का?” म्हणणारे मेहुणे यांच्यापासून ते दूर ठेवावं. मेहुणे सर्वांत घातक.

आता मुख्य प्रकरण: दगड घरात नेणं. तो दिवसाउजेडी न्यावा. रात्री चोरपावलांनी जिना चढणाऱ्या आणि पिशवीतून खडखड आवाज करणाऱ्या माणसाबद्दल सोसायटीत जे तर्क होतात त्यांत खनिजशास्त्र येत नाही. स्वच्छतेला साधं पाणी आणि जुना मऊ टूथब्रश पुरे. जुना म्हणजे स्वतःचा जुना. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मुळीच वापरू नये: त्यात कॅल्साइट फसफसून विरघळतं, काही झिओलाइट बुळबुळीत होतात आणि ६ कोटी वर्षांच्या इतिहासातलं तुमचं योगदान रविवार सकाळच्या अर्ध्या तासात संपतं. लॉमॉन्टाइट मात्र काही न करताही जातं. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं आणि कपाटातल्या स्फटिकाच्या जागी एके दिवशी पांढरा भुगा सापडतो. त्याचा आळ घरातल्या कुणावर घेऊ नये.

ठेवायचं कुठे, याचं सर्वमान्य उत्तर सापडलेलं नाही. गॅलरीतल्या कुंड्यांखालून सुरुवात होते. मग बुटांचं कपाट, मग पलंगाखाली, मग पाहुण्यांच्या अंथरुणांच्या खोक्यात. “हे सगळं बघायला एखादं म्युझियम का नाही?” असं घरात कुणी तळतळून विचारलं तर सांगावं की आहे, नाशिक जिल्ह्यात सिन्नरला, ‘गारगोटी’ नावाचं, आणि लगोलग सगळ्यांना तिथं न्यावं. तिथं काचेआड, नीट दिव्याखाली हेच दगड बघितल्यावर घरच्यांचा सूर बदलतो. “आपलेही असे दिसले असते,” असं कुणी म्हटलं, की समजावं, माळा मिळाला.

आणि शेवटी एक गोष्ट गंभीरपणे. प्रत्येक दगडासोबत एक चिठ्ठी ठेवा. नवे-जुने कितीतरी नमुने जगभर नुसते ‘पुणे’ एवढ्या पत्त्यावर पडून आहेत. कुणी विक्रेत्यानं खाण लपवायला तसं लिहिलं, कुणी आळसानं. ते सुंदर आहेत, पण कोणत्या थरातून, कोणत्या गावातून आले ते आता कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही तसं करू नका. गाव लिहा, तालुका लिहा, खाण की विहीर ते लिहा, तारीख लिहा. आणि ज्यानं काढला त्याला विचारून त्याचं नावही लिहा. पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते.