निधीसाहेब, धूर दिसतो का?

मा. स्वच्छ हवा निधीसाहेब यांस,
नाशिक रोडच्या एका टेम्पोवाल्याचा सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी बिटको चौकात आपलं दर्शन घडलं. यांत्रिक झाडूचं रूप घेऊन आपण दुभाजकाकडेची धूळ ओढत होता आणि मागच्या नळकांड्यातून डिझेलचा धूर सोडत होता. मागे मी, कांद्याच्या गोण्या भरून. हवालदारांनी अडवलं मला. पीयूसी दाखवली, तरी "धूर लई मारतो" म्हणत मोबाइलवर फोटो काढून चलन टाकलं. आपण पुढे निघून गेलात. आपली हवा शुद्धच असणार.

फिटर म्हणाला, पंप-नोझल करून भागणार नाही, अख्खं इंजिनकाम काढावं लागेल. म्हटलं, सरकार हवेसाठी एवढा पैसा देतंय, विचारून तर पाहू. सरकारी खिडक्या फिरलो. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकला ९.६ लाखांपर्यंत अनुदान आहे, २०२५ पासून. पण ट्रक साडेतीन टनांच्या वरचा हवा आणि जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला हवा. माझी गाडी अडीच टनांची. म्हणजे माझा धूर अनुदानाला लहान आणि चलनाला पुरेसा! नवी विजेची गाडी घेणाऱ्याला इतर सवलती आहेत. त्या, नवी घ्यायला पैसे असणाऱ्याला. जुन्या इंजिनाला कोणी रुपया द्यायला तयार नाही. कॅलिफोर्नियात १९९८ पासून कार्ल मोयर कार्यक्रम चालू आहे. तिथे शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं जुनं इंजिन बदलायलाही सरकार पैसे देतं. तिथल्या शेतकऱ्याचं नशीब.

मग आपला पैसा जातो कुठे? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या पैशाचा हिशेब मांडला. ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर. वाहनांच्या धुरावर १२.६३. कारखान्यांवर ०.६१, हा आकडा एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांना वाचून दाखवावा म्हणतो. सिंहस्थासाठी रस्ते उकरायचे, उडालेली धूळ झाडूने ओढायची, आणि झाडू डिझेलवर. चालू द्या.

खरं सांगू? आपली दयाही येते. २०१९ साली जन्म, पदरात १३१ शहरं, आणि परीक्षा घेतात ती मुख्यतः जाड धुळीचेही कण मोजणाऱ्या पीएम १० वर. धूळ उचलली की लगेच मार्क. डिझेलची काजळी बारीक, वजनाला नगण्य; ती कमी करून आपल्या निकालात काय फरक पडणार? शहाणा माणूसही झाडूच घेईल.

पण २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं ठामपणे सांगितलंय. तंबाखूच्याच गटात घातलाय तो! तो माझ्या छातीत जातो साहेब, क्लीनर पोराच्या जातो, दिवसभर चौकात उभ्या असलेल्या त्या हवालदाराच्याही जातो. आणि तुम्ही धूळ मोजताय?

पुढचा हप्ता काढाल तेव्हा मार्क बारीक कणांच्या पीएम २.५ वर द्या, आणि साडेतीन टनांखालच्या गाड्यांच्या इंजिनकामाला चार पैसे ठेवा. झाडू राहू द्या तुमच्याकडेच. अर्ज मराठीत काढा आणि कोणत्या खिडकीवर द्यायचा ते छापा.

कळावे,
जुन्या बीएस-३ इंजिनाचा एक टेम्पोवाला