फक्त खर्रा!

बाप्पा बाप्पा! चंद्रपुरात म्हणे कुणी नशाच करत नाही. जटपुरा गेटकडच्या कोणत्याही पानठेल्यावर विचारून पाहा. "आपण तर भाऊ दारूला हातबी नाही लावत. फक्त खर्रा." फक्त! जसं काही तुळशीचं पानच ठेवलंय जिभेवर.

हे 'फक्त' म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, पन्नीत घालून घोटलेला. चुना चवीपुरता असतो, असं समजणाऱ्या भोळ्या जिवांनो, ऐका: चुन्यानंच तर निकोटिन मोकळं होऊन गालाच्या आतून भराभर रक्तात उतरतं. आणि ती साळसूद सुपारी, पूजेत गणपती होऊन बसणारी! तिच्यातलं अरेकोलिन मेंदूत निकोटिनच्याच वाटेनं घुसतं. नवख्याला दरदरून घाम फुटतो, डोकं गरगरतं. मुरलेल्याला तरतरी येते. तंबाखू, दारू आणि चहा-कॉफीतलं कॅफीन यांच्यामागोमाग जगात मेंदूवर चढणारा चौथा खपाऊ माल हिचाच. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं, तरी बाई सोवळ्यातच!

खरी चहाटळ गोष्ट पुढेच आहे. पन्नीवर हात फिरायला लागला की गिऱ्हाईकाचं तोंड पाहा. माल अजून पन्नीतच, आणि ह्याचे डोळे जड, कपाळावरची आठी गायब, बायकोचा फोन वाजतोय तो ऐकूही येत नाही. हे तर थेट संमोहनच! गोव्यात कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया १८१३ मध्ये पॅरिसात लोकांना निजवून दाखवत. बाकीचे मेस्मरचे चेले अंगातल्या चुंबकशक्तीच्या बाता मारत होते; हा पाद्री म्हणे, शक्ती माझ्यात नाही, निजणाऱ्याच्या मनात आहे. पणजीत त्यांचा पुतळा आहे, हात पसरून बाईला संमोहित करणारा. आमच्या ठेलेवाल्याला फारिया ठाऊक नसेल, पण हात तसाच चालतो.

आणि बंदीचं म्हणाल, तर गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली नि २०२१ ला गेलीसुद्धा. गुटख्यावर राज्यभर २०१२ पासून बंदी. खर्रा मात्र ठेल्याठेल्यावर ताजा घोटला जातो! गडचिरोलीत व्यसनमुक्तीच्या मोहिमेतले मुक्तिपथवाले गावोगाव त्याच्या मागे लागलेत, लागोत बिचारे.

परवाच्या एका लग्नात म्हणे घास भरवायची वेळ आली, तर नवरदेवाचं तोंडच उघडेना. वरमाय म्हणाली, "लाजते हो पोरगा!" लाजतो कसला! गालाची आतली कातडी सुपारीनं ताठलेली, दोन बोटंसुद्धा आत जाईनात. शेवटी नवरीनं जिलेबी मोडून कणाकणानं सारली. टाळ्या पडल्या. आणि फोटोवाला हलायच्या आत महाराज मंडपामागे, पन्नीसमोर उभे.