सूर्य आपलाच कार्यकर्ता : नवख्या आमदारांसाठी सोपे मार्गदर्शन

निवडून आलात, अभिनंदन. अंगावरचा गुलाल धुऊन झाला की कुणीतरी तुमच्या हातात ऊर्जा संक्रमणाची फाईल देईल. पहिल्याच पानावर ग्लासगो असेल. २०२१ च्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी तिथं ‘पंचामृत’ जाहीर केलं : २०३० पर्यंत बिगर-जीवाश्म वीजक्षमता ५०० गिगावॉट, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, वगैरे. हे पान मुंबईतल्या परिसंवादांसाठी जपून ठेवा. मतदारसंघात काढलंत तर लोक तीर्थ समजून हात पुढे करतील.

पायरी पहिली : रात्र समजून घ्या

शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात एकदा, फोटोग्राफर न घेता, शिवारात जाऊन या. बाराला यायची लाईट दीडला येते. माणूस बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीकडे निघतो. झोत आधी पायापुढे, मग स्टार्टरच्या पेटीवर, कारण पेटीच्या आडोशाला कधी कधी साप बसलेला असतो. पेटीवर तीन फेजचे तीन दिवे. दोनच लागलेत, म्हणजे डीपीवर फ्यूज गेलाय. वायरमनचा फोन लागत नाही. काही जण अंधारात स्वतःच फ्यूज बांधायला जातात आणि त्यातले काही दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. सगळं जमून पाणी सुरू झालंच, तर उजाडेपर्यंत गव्हाला दारं धरायची. जुन्नर-आंबेगावकडे असाल, तर शेजारच्या उसात बिबट्याही जागा असतो.

म्हणून ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी फार जुनी. आणि सूर्य दिवसाच उगवतो. महाराष्ट्रातल्या सौरऊर्जेचं राजकारण एवढ्यात आलं. यात तुमचं कर्तृत्व काही नाही. श्रेय घ्यायला मात्र हरकत नाही.

पायरी दुसरी : हिशेब

कारखाने आणि दुकानं चढ्या दरानं वीज घेतात, त्यातून शेतीची सवलत निघते. कमी पडेल ते सरकार अनुदानातून घालतं. तरीही महावितरणच्या वह्यांत शेतीपंपांची थकबाकी हजारो कोटींची दिसते. शेतकरी म्हणतो, मीटर न बघताच बिल ठोकलंय. पुष्कळ ठिकाणी ते खरंही असतं, कारण बघायला मीटरच नसतो. या भांडणात सौरऊर्जा शिरली. सबस्टेशनजवळ प्रकल्प उभारून शेतीचा फीडर त्यावर घेतला, तर युनिट तीन रुपयांच्या आसपास पडतं. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सुरुवातीचा प्रयोग राळेगणसिद्धीत झाला. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली आणि पुढे लक्ष्य १६,००० मेगावॉटवर गेलं. योजना खरोखर चांगली आहे. ती पर्यावरणप्रेमींपेक्षा हिशेबनिसांनी जास्त घडवली, म्हणूनच बहुधा ती पुढे सरकली.

मग साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. लाभार्थी सुमारे ४४ लाख, मुदत २०२९ पर्यंत, सरकारवर बोजा वर्षाला साडेचौदा हजार कोटींहून अधिक. जीआर २०२४ च्या जुलैत निघाला, विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात झाली. महिने टिपून ठेवा, पुढच्या खेपेला लागतील.

पायरी तिसरी : हवामानबदल

वगळावी.

पायरी चौथी : जमीन

इथं नवशिके हमखास घसरतात. एका मेगावॉटला साधारण चार एकर लागतात, आणि तेही सबस्टेशनच्या आसपास. खाजगी मुरमाड माळ असेल तर योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, म्हणजे एकरी पन्नास हजार, शिवाय दरवर्षी तीन टक्के वाढ. ज्या माळावर हुलगेसुद्धा धड येत नाहीत, त्याचे इतके पैसे. असा माळ नेमका कुणाचा निघतो, हे तुम्हाला शिकवायला नको.

खाजगी जमीन नाही जमली तर गायरान. ते सरकारी, त्यामुळे भाडं नाममात्र. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षं अनुदान, एकूण पंधरा लाख. आता तीन मेगावॉटचा प्रकल्प धरा. बारा एकर. तेच खाजगी रानात झालं तर मालकाच्या घरी वर्षाला सहा लाख, तीन वर्षांत अठरा, आणि करार तिथं संपत नाही. गायरानात झालं तर गावाला तीन वर्षांत पंधरा आणि मग राम राम. हा गुणाकार कुणी ग्रामसभेत मांडणार नाही याची काळजी घ्या.

ग्रामसभाही नीट घ्यावी लागते. पहिल्या सभेला कोरम भरत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची गरज नसते. ठराव तिथं आणा. ग्रामसेवक वाचून दाखवतील, सरपंच टेबल वाजवतील. मागून एखादी बाई विचारेल, ‘आन् शेरडं कुठं चारायची?’ तिच्याकडे सातबारा नसतो, चार शेळ्या असतात आणि पाच पिढ्यांचा वावर असतो. यातलं काहीही फाईलच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिला ‘पर्यायी जागेचा विचार करू’ असं सांगतात. विचार करायला खर्च येत नाही. मात्र पोलीस बंदोबस्तात काम सुरू करायची वेळ आली, तर तुम्ही त्या दिवशी अधिवेशनात असा.

पायरी पाचवी : सौरपंप

दहा टक्के शेतकऱ्यानं भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी पाच, उरलेलं अनुदान. वाटप करा, पण फोटो कडक उन्हात काढा. आभाळ असलं की धार करंगळीएवढी होते. सूर्य बिल मागत नाही म्हणून दिवसभर पंप चालू राहतो आणि बोअर खाली खाली जातो. हा विषय भूजल खात्याचा. तुमचा नाही.

पायरी सहावी : चंद्रपूर

तिथं जाऊन सौरऊर्जेवर भाषण करू नका. २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, त्यामागे कोळशाच्या खाणी, मालगाड्या, ठेकेदार, कंत्राटी कामगार, चहाच्या टपऱ्या. राख आणि धूर यांची तक्रार करणारे आणि तिथंच नोकरी मागणारे पुष्कळदा एकाच घरात राहतात. शिवाय संध्याकाळी सातला, सूर्य मावळल्यावर सगळे टीव्ही लावतात, तेव्हा भार याच केंद्रांवर येतो. साठवणुकीबद्दल कुणी विचारलं तर सह्याद्रीतल्या उदंचन प्रकल्पांचं नाव घ्या. डोंगराकडे हात करून बोललात की ऐकणाऱ्याला काम सुरूच झाल्यासारखं वाटतं.

पायरी सातवी : बिल कोण भरतं?

हा प्रश्न कारखानदार विचारतील. चढे दर देऊन शेतीची सवलत तेच उचलतात, आणि आता त्यांनाही छत आहे. ते स्वतःची पॅनेलं बसवतात, ओपन ॲक्सेसनं बाहेरून वीज घेतात. जो जास्त देत होता तोच निसटतो, आणि राहिलेल्यांवर भार वाढतो. मग छपरावरच्या विजेचे नियम आवळायची भाषा सुरू होते, म्हणजे सूर्य शिवारात देशभक्त आणि कारखान्याच्या छतावर घुसखोर. याचं उत्तर तुमच्या पक्षाकडे नाही, समोरच्याकडेही नाही.

पण राज्य वीज नियामक आयोग आहे. दरनिश्चितीच्या सुनावणीत ग्राहक संघटना आणि उद्योजक पोटतिडकीनं बोलतात. तुम्ही जायची गरज नाही. फक्त एक वाक्य पाठ करा : ‘आयोग स्वायत्त आहे.’ दर वाढले की हे पत्रकारांना सांगायचं. दर कमी झाले तर सांगायचं नाही, फ्लेक्सवाल्याला फोन करायचा.