पदपथाची वहिवाट

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली सुस्थितीतील पदपथ हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला, पुणे महानगरपालिकेने तर २०१६ सालीच पादचारी धोरण रीतसर मंजूर केले होते, आणि त्याहीपूर्वी, २०१२ साली, इंडियन रोड्स काँग्रेसने पदपथावर चालण्यास किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी असे लिहून ठेवले. तेव्हा पादचाऱ्याला हक्क नाही असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही. हक्क आहे, नाही ती वहिवाट. जो ठाण मांडून बसतो त्याचा कब्जा कालांतराने शाबीत होतो, हे मर्म विजेच्या डीपीने, अमृततुल्याच्या बाकड्याने, वाढदिवसाच्या फलकाने आणि गंजत पडलेल्या बेवारस स्कूटरने अचूक ओळखले आहे. पादचाऱ्याचा दावा मात्र मुळातच कच्चा. तो चालतो, आणि चालणारा मनुष्य पुढे सरकला की त्याच्या कब्जाचा दाखला म्हणून मागे काय उरणार?

बरे, उरलेल्या वीतभर जागेतून जावे, तर चेंबरचे झाकण चार बोटे वर आलेले, आणि त्याच्याशेजारचा सुटा पेव्हर ब्लॉक, ज्याच्या एका कडेवर पाय पडताच दुसऱ्या कडेखालचे गढूळ पाणी पिचकारीसारखे थेट गुडघ्यापर्यंत उडते.

खात्याने काहीच केले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. वाहतूक तुंबली की दुचाकीस्वार पदपथावर आरूढ होतात, सबब त्यांना मज्जाव करण्यासाठी ठिकठिकाणी खुंटे रोवण्याची तजवीज झाली. मुंबईत तर ते इतके दाटीने रोवले गेले की चाकांच्या खुर्चीलाही आत शिरकाव उरला नाही, आणि २०२३ साली उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. दुचाकीस्वाराचे फारसे अडले नाही. तो पुढच्या इमारतीच्या फाटकापाशी, जेथे मोटारीसाठी पदपथ सौजन्याने उतरता केलेला असतो, तेथून वर येतो. अपंगांना तसा उतार मिळावा म्हणून कायदा करावा लागला. मोटारीला तो मागावाही लागला नाही!

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी वाहनांना बंदी असते आणि नागरिक सहकुटुंब, मनमुराद चालतात. अर्थात रस्त्याच्या मधोमध, कारण पदपथावरील वहिवाटदारांना त्या दिवशीही उठवण्याचा हुकूम नसतो.