परवाना कागदावर, डुक्कर वावरात

रानडुकराला हात लावला की जेल, असं यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-घाटंजीपासून उमरखेडपर्यंत पुष्कळ शेतकरी मानतात. कायदा तसं म्हणत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या कलम ११ प्रमाणे, उभ्या पिकाला धोकादायक ठरलेला प्राणी पहिल्या अनुसूचीतला नसेल, तर अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने मारता येतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ही सोय त्यांना लागू आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला.

मग जिल्हाभर शेतकरी रात्ररात्र मचाणावर जागल का करतो आहे? कारण परवाना मिळाला तरी बंदूक नाही.

डुक्कर मारायला परवानाधारक बंदूक लागते. चार एकर कोरडवाहू वावर असलेल्या कापूसवाल्याकडे ती कुठून येणार? गावात एखाद्या जुन्या घरी असली, तर निवडणुकीच्या आचारसंहितेत ती बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. विधानसभेच्या मागच्या दोन्ही निवडणुका, २०१९ची आणि २०२४ची, ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. तेव्हा कापूस फुटलेला असतो, तूर उभी असते, हरभरा पेरला जात असतो. आणि बंदूक असली, परवाना असला, तरी अंधारात पळत्या कळपावर नेम धरणं हे शेतकऱ्याचं काम नव्हे. चुकलेली गोळी शेजारच्या मचाणावर जाते. सरकारने अधिकार खाली आणला आणि जबाबदारी त्याहूनही खाली, थेट धुऱ्यावर ढकलली.

मागे उरते ती तार. खांबावर आकडा टाकायचा आणि उघडी तार वावराभोवती फिरवायची. सौर झटका मशीन क्षणभर धक्का देऊन सोडते, प्राणी पळतो. थेट लाइनचा करंट सोडत नाही. डुक्कर आणि माणूस यांत तो फरक करत नाही, वाघातही करत नाही. ‘जय’ या गाजलेल्या वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७च्या एप्रिलमध्ये चंद्रपूरच्या नागभीड तालुक्यात असाच मेला. डुकरांसाठी सोडलेल्या करंटने. शेतकऱ्याला अटक झाली. आमच्या टिपेश्वरात गळ्यात तारेचा फास रुतलेले वाघ दिसले आहेत. पहाटे पाणी द्यायला निघालेले शेतकरी दुसऱ्याच्या, कधी स्वतःच्याच तारेला चिकटून गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तार लावणारा गुन्हेगार आहेच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण तारेखेरीज हाताशी काहीच न ठेवणारी व्यवस्था त्या गुन्ह्यात सामील आहे.

भरपाई मिळते की, असं कोणी म्हणेल. पंचनामा करणारा माणूस मोडलेली झाडं आणि उकरलेली ओळ मोजतो. पेरणीनंतर तिसऱ्या रात्री डुकरांनी सोयाबीनचं बी उकरून खाल्लं तर तिथे मोजायला झाडच नसतं. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांचा अभ्यास करून २०१६ साली हेच मांडलं: डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीपेक्षा उत्पन्नातली प्रत्यक्ष घट बरीच मोठी असते. आणि जे पेरलंच नाही त्याचा पंचनामा कोण करणार? डुकरांच्या भीतीने या भागात भुईमूग सुटला. ज्वारी सुटायला इतरही कारणं आहेत, पण रात्रभर राखणीला माणूस मिळत नाही हे त्यातलं मोठं. ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्यामागोमाग दावणीची जनावरं. हे नुकसान कोणत्याच फॉर्मवर लिहिलं जात नाही.

सरकारला जमत नाही, हे मात्र मला मान्य नाही. याच जिल्ह्यात, राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात, टी-१ वाघिणीसाठी काय काय आणलं ते आपण पाहिलं. हत्ती आले, पॅरामोटर आला, परदेशी जातीचे कुत्रे आले, हैदराबादहून नेमबाज आले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, म्हणून धावपळ झाली, आणि व्हायलाच हवी होती. वाघिणीला मारण्याच्या पद्धतीवर झालेला वाद वेगळा. मुद्दा असा, की ठरवलं तर माणसं, साधनं आणि पैसा यवतमाळपर्यंत येतो. डुकरांच्या वेळी तोच वनविभाग शेतकऱ्याला विचारतो, तुमच्याकडे बंदूक आहे का?

केरळने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षक नेमलं. गावच्या अध्यक्षाने आदेश द्यायचा, यादीतल्या परवानाधारक नेमबाजाने डुक्कर मारायचं. विष, स्फोटक आणि करंट यांना बंदी. निर्णय घेणारा माणूस गावात बसतो, हा त्यातला कळीचा भाग. अमेरिकेत टेक्सासने २०११ पासून हेलिकॉप्टरमधून डुकरं टिपायला परवानगी दिली आहे, पण तिथलं डुक्कर बाहेरून आणलेलं. आपलं इथलंच आहे आणि वाघाचं अन्न आहे. आपण शिकावं ते अमेरिकेतल्याच मिसुरी राज्याकडून. त्यांनी २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर डुकरांची हौशी शिकारच बंद केली. दोन मारली की उरलेला कळप पांगतो, नव्या शिवारात जातो आणि तिथे पुन्हा वाढतो. म्हणून ते मोठा पिंजरा लावून अख्खा कळप एकदम धरतात. मादी चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देते. अधूनमधून एखादं डुक्कर मारून या हिशेबाला काही फरक पडत नाही.

टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या आतलं डुक्कर वाघासाठी राहू द्यावं, त्याबद्दल वाद नको. तिथल्या कडेच्या गावांना झटका कुंपण द्या, एकेका शेतकऱ्याला नव्हे, सगळ्या शिवाराला मिळून. एकट्याचं कुंपण डुकरं शेजाऱ्याकडे वळवतं. जंगलापासून दूर, उसात आणि नाल्याकाठच्या बाभुळबनात मुक्काम ठोकलेले कळप पिंजऱ्याने धरा, गरज पडेल तिथे वनविभागाच्याच प्रशिक्षित पथकाने मारा. पथकात पारधी समाजाची माणसं घ्या, रीतसर पगारावर. डुकराची वाट ओळखणारी नजर या जिल्ह्यात त्यांच्याइतकी कोणाकडे नाही, आणि त्याच नजरेसाठी आपण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या आरोपी ठरवत आलो.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. वनक्षेत्रपालांना लेखी बोलवा आणि तीन गोष्टींचा ठराव करा: तालुक्याला पथक, शिवाराला सामूहिक कुंपण, आणि नुकसानीची मोजणी काढणीच्या उत्पन्नावरून. ठरावाची प्रत आमदारांना द्या, पोच घ्या. आणि वावराभोवती करंटची तार असेल, तर ग्रामसभेची वाट न बघता ती आजच काढा.