ग्रीक व्युत्पत्तिपंडित व्हा : नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

पूर्वतयारी : ग्रीक येण्याची अट नाही. येत असेल तर जरा अडचणच होईल.

पायरी 1. सोप्या शब्दाने बोहनी करा. चहाचा पहिला घोट झाला की म्हणा, "'स्कूल' म्हणजे मुळात फुरसत, बरं का!" हे खरंच आहे. 'स्खोले' म्हणजे रिकामा वेळ. मग त्या वेळात रंगणारी विद्याचर्चा, मग ती चालते ती जागा. मधले टप्पे मात्र गाळा. ते सांगितले की सगळं पटतं आणि कोणी थक्क होत नाही.

पायरी 2. मूळ अर्थ तोच खरा अर्थ, असं ठणकावा. अथेन्सात 'इदिओतेस' म्हणजे सार्वजनिक पदावर नसलेला, खासगी माणूस. पुढे तो अडाणी ठरला आणि युरोपभर फिरून 'इडियट' झाला. सोसायटीच्या सभेला दांडी मारणाऱ्या शेजाऱ्याला हा शब्द बिनधास्त लावा. भडकला, तर अथेन्सकडे बोट दाखवा.

पायरी 3. आता घरात शिरा. पत्रिका बघणारे काका गाठा. त्यांचा 'होरा' ग्रीक. सप्तमस्थानाचं 'जामित्र' हे नाव 'दियामेत्रोस'वरून, म्हणजे व्यासावरून आलेलं : लग्नाच्या अगदी समोरचं घर, आणि तेच जोडीदाराचं! 'केंद्र'ही त्यांचंच. 'केन्त्रोन' म्हणजे बैलाला टोचायची पराणी. मग कंपासचं रोवलेलं टोक, मग वर्तुळाचा मध्य. इथे पायरी 2 लावून गप्प बसा. केंद्र सरकारचा 'खरा' अर्थ मंडळी आपापला काढतील.

पायरी 4. पुरावे संपले की ध्वनिसाम्यावर भागवा. परंपरा थोर आहे. प्लेटोच्या 'क्रॅटिलस'मध्ये सॉक्रेटिस शब्द फोडत सुटतो. 'अँथ्रोपोस', म्हणजे माणूस, त्याच्या मते 'पाहिलेल्याचा विचार करणारा'. तो थट्टा करतोय की काय, यावर अभ्यासक अजून भांडतात. 2002च्या 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग'मधले वडील तर जपानी 'किमोनो'ही ग्रीक हिवाळ्यातून, 'खिमोनास'मधून, काढून दाखवतात.

पायरी 5. एखादा खवट श्रोता लिडेल-स्कॉटचा जाडजूड कोश उघडेल. 1843पासून या कोशाने भल्याभल्यांची बैठक मोडली आहे. तो म्हणेल, "'एटिमॉलॉजी'तल्या 'एतुमोस'चा अर्थच 'खरा'!" डगमगू नका. शांतपणे सांगा, "अहो, शब्दांचे अर्थ बदलतात."